इरघयली

मागे एका दुपारी माझ्या खानावळीच्या रांगेत एक माणूस उभ्याउभ्या खाली बसला आणि बसल्याबसल्या आडवा झाला. हातातलं ताट मात्र त्यानं सोडलं नाही. आश्विनातलं ऊन, त्यात लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासूनचं काम, पोटात चहाशिवाय काही नाही. दुसरं काय होणार. माझ्याकडे गावोगावचे लोक जेवायला येतात, त्यामुळे तो पडल्याबरोबर त्याच्याभोवती शब्दांचा बाजार भरला. कोणी म्हणालं चक्कर आली, कोणी म्हणालं गश आली, उमरखेडकडचा एक जण म्हणाला भोवळ आली, सुपरवायझर म्हणाला बीपी लो झाला. मी तव्यापासून उठून पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि माझ्या जिभेवर आणखी एक शब्द आला. तो मी तिथल्या तिथे गिळला, कारण आतल्या खोलीत मोठीमाय तुरीची डाळ निवडत बसली होती आणि मधलं दार उघडं होतं.

त्या माणसाला लिंबूपाणी पाजलं, तो उठला, लाजला आणि रोजच्यापेक्षा जास्त पोळ्या खाऊन गेला. मी गिळलेला शब्द मात्र दिवसभर घशात बसून राहिला. दरवर्षी या दिवसांत तो असा येतोच. पाऊस निघून जातो, हवा कोंदते, दारव्ह्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पराटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फुटायला लागतात आणि माझं तोंड आपोआप मिटतं.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. गाव दारव्ह्याच्या अलीकडे, वावरं गावाला लागून. तिचा मुलगा दिलीप अजून शेती करतो, त्याच्या घरी ती कोणाला जड झाली असं अजिबात नाही. पण इथून दवाखाना जवळ, आणि मी एकटी बाई, मला भांडायला कोणीतरी हवं. म्हणून ती माझ्याकडे असते. डाळ निवडते, भाजीला मीठ कमी आहे म्हणून ओरडते, आणि मी दुपारी जरा डोळा मिटला की येऊन माझा खांदा गदागदा हलवते. "उठ वं." काय झालं विचारलं तर काही नाही. मी डोळे उघडलेले पाहिले की ती परत डाळीकडे जाते. इतक्या वर्षांत या घरात मला सलग झोप मिळालेली नाही, आणि त्याबद्दल मी तिला एकदाही बोललेले नाही.

तो शब्द म्हटला तर साधाच आहे. पुस्तकात विरघळणे. आमच्या तोंडी आला की पुढचा व गळतो, ळला तर आमच्या जिभेवर जागाच नाही, मग उरतं इरघयणे. गूळ इरघयते, मीठ इरघयते, तव्यावर डालडा इरघयते. मी दिवसभर तेच करते, माझा धंदाच तो. पण आमच्या गावात या शब्दाचं आणखी एक काम होतं. वेचणीला लागलेली बाई उन्हानं बेशुद्ध झाली, तर ती "इरघयली". फक्त वेचणीत, आणि फक्त बाई. नांगरामागे माणूस कोसळला तर तो पडला. मांडवात उपाशी नवरीचे डोळे फिरले तर तिला चक्कर आली. पराटीच्या ओळीत झालं तरच इरघयली. पुढे खानावळीत कामाला येणाऱ्या बायांना मी आडून आडून विचारून पाहिलं. पुसदकडच्या, वणीकडच्या, कोणालाच तो असा माहीत नव्हता. एकजण तर हसली. "बाई काय गुयाचा खडा हाय का, इरघयाले?"

मी लहानपणी हेच विचारलं होतं. "मोठेमाय, पडली काहून नाही म्हणत?"

मोठीमाय तेव्हा तूप कढवत होती. ती म्हणाली, "पडते थे भित. पडते थे झाड. पडलेल्याले उचल्याले चार जणं लागते. इरघयलेलं आपलं आपण जमते."

"जमते म्हणजे?"

"हे तूप नाही जमत? आत्ता पानी हाय. सकायी पाह्यजो."

तुपाचे जे नियम तेच त्या बाईचे. कढवलेलं तूप थंड जागी ठेवायचं आणि हात लावायचा नाही. डबा हलवला की रवा धरत नाही, सगळं चिकट लगदा होऊन बसतं. म्हणून इरघयलेल्या बाईला तुरीच्या ओळीत सावलीला निजवायचं, ओला पदर कपाळावर घालायचा, कांदा फोडून नाकाजवळ ठेवायचा आणि बाजूला व्हायचं. हलवायचं नाही. नाव घेऊन हाका मारायच्या नाहीत. घोळका करून डोक्यावर उभं राहायचं नाही. मोठीमाय एकदा पदर घालून आली की बाकीच्या बाया मुकाट्यानं आपापल्या ओळीला लागायच्या, आणि थोड्या वेळानं ती बाई आपली आपण उठायची. मी किती जणींना उठताना पाहिलं असेल, त्याची गणती नाही.

आणखी एक होतं. वेचणीत सकाळी प्रत्येकीला आपला पट्टा वाटून मिळतो, त्याला पात म्हणतात. कमरेला कापडाची ओटी बांधायची, पातीतला कापूस वेचून तिच्यात भरत जायचं. बाई इरघयली तरी तिची पात मागे ठेवायची नाही, असा आमच्याकडचा दंडक. शेजारच्या दोघी-तिघी तिची ओटी सोडून घ्यायच्या, तिची पात वेचून काढायच्या, ओटी भरली की हळूच जाऊन तिच्या कमरेला परत बांधायच्या. ती डोळे उघडायची तेव्हा पोटावर कापसाची भरगच्च ओटी. मग थट्टा चालायची. "काय वं, तुह्यापेक्षा तुही झोप बरी वेचते. उद्यापासून तिलेच पाठवत जाय."

मीही एकदा इरघयले होते. दहावीचं वर्ष असेल. आधी कान गेले. बायांचं बोलणं चालू होतं, तोंडं हलताना दिसत होती, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा लांबून. मग समोरचा कापूस पसरायला लागला. एक बोंड पांढरं, मग झाड पांढरं, मग सगळं वावर, मग वरचं आभाळही. भीती अजिबात वाटली नाही. हाडं आहेत हेच विसरायला झालं. त्यानंतरचं आठवतं ते ओल्या पदराचा वास, कांद्याचा वास आणि पोटावरचं ओझं. मी चाचपून पाहिलं तर ओटी भरलेली. शेजारी सुनीता बसली होती, मांडीवर हनुवटी टेकून. "जमली का?" तिनं विचारलं, आणि माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

सुनीता लच्छीबाईची पोरगी. लच्छीबाई गावाबाहेरच्या तांड्यावरची. तिचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर फिरणारे, आता स्वतःची थोडी शेती आणि वेचणीच्या दिवसांत बायांची टोळी. ती टोळी सगळ्यांत आधी आमच्या वावरात उतरायची, कारण मोठीमाय आणि लच्छीबाई एकमेकींशिवाय सुरुवातच करायच्या नाहीत. लच्छीबाई मोठीमायशी आपल्या तांड्याच्या बोलीत वावरभर ओरडून बोलायची, मोठीमाय तिला वऱ्हाडीत उत्तर द्यायची, आणि दोघींना सगळं कळायचं. सुनीता आणि मी एका वर्गात. ती आईला याडी म्हणायची म्हणून काही दिवस मीही माझ्या आईला याडी म्हणून पाहिलं, तर आईनं पाठीत धपाटा घातला. सुनीताला दही फार आवडायचं. सीतादहीच्या दिवशी नैवेद्याचं दही तिच्यापासून लपवून ठेवावं लागे.

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीचा सण. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दगडाला शेंदूर लावायचा, पहिला कापूस त्याला वाहायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तो ओळींवर शिंपडायचा आणि मग वेचायला हात घालायचा. त्या वर्षी पाऊस लांबला होता. पराटी कधी नव्हे इतकी माजली, उभ्या माणसाच्या डोक्यावर गेली. खाली बोंडं फुटलेली आणि वर शेंड्याला अळी, असं विचित्र साल. म्हणून एकाच दिवशी वावराच्या वरच्या अंगाला फवारणी आणि खालच्या अंगाला सीतादही. फवाऱ्यातल्या त्या पाण्याला सगळे औषधच म्हणत, आजही म्हणतात. सुनीतानं सकाळी पंपासाठी पाणी वाहिलं, काठीनं औषध कालवून दिलं, मग हात झटकून आमच्यात वेचायला आली. तिच्या झंपराच्या बाह्या ओल्या होत्या. वारा खालच्या अंगाला वाहत होता आणि फवारा झाडांच्या वरून येत होता. त्या वासाची आम्हाला इतकी सवय होती, की तो वास येतो हेच कोणाला जाणवत नसे.

दह्याचं गाडगं घरी विसरलं होतं. मला आणायला पाठवलं. मी परत आले तेव्हा बाया वेचत होत्या आणि सुनीता दिसत नव्हती.

"सुनीता कुठं हाय?"

"इरघयली," मोठीमाय म्हणाली. तिचा हात थांबला नाही. "जरा वेयानं जमन. कोनी हात नोको लावू तिले."

लच्छीबाई दोन पाती पलीकडे होती. तिनं मान वर करून तुरीच्या ओळीकडे पाहिलं, मोठीमायकडे पाहिलं आणि परत वेचायला लागली. इतका तिचा भरवसा. मी गाडगं धुऱ्यावर ठेवलं आणि सुनीताच्या पातीला लागले. तिची ओटी मीच सोडून आणली होती. तेव्हा तिचा चेहरा पदराखाली होता आणि अंगाला खूप घाम होता, एवढंच मी पाहिलं. घाम यायचाच, ऊन होतं. मी वेचत होते आणि मनात थट्टा जुळवत होते. ती उठल्यावर काय म्हणायचं ते ठरलंही होतं. ते वाक्य मला अजून पाठ आहे, पण मी ते इथे लिहिणार नाही.

पात संपली. ओटी टच्च भरली. मी आणि मोठीमाय ती बांधायला गेलो, मोठीमायनं पदर उचलला. सुनीताच्या तोंडाला फेस आला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि श्वासाला औषधाचा वास होता. मोठीमायनं तिला हलवलं. जी बाई जन्मभर हलवू नका म्हणत आली, ती तिला दोन्ही खांद्यांना धरून हलवत होती, नाव घेऊन हाका मारत होती. काळीपिवळी जीप बोलावली, दारव्ह्याला नेलं, तिथून यवतमाळला. सुनीता परत आली नाही.

भांडण झालं नाही. तांड्यावरून कोणी जाब विचारायला आलं नाही. भांडल्या असत्या, झिंज्या ओढल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. मोठीमाय तांड्यावर भेटायला गेली तेव्हा लच्छीबाईनं तिला बसायला गोणपाट दिलं, पाणी दिलं. गर्दीत मागून कोणीतरी म्हणालं, लवकर नेली असती तर. कोण म्हणालं ते दिसलं नाही. लच्छीबाईनं ते ऐकलं की नाही तेही कळलं नाही. मोठीमायनं ऐकलं. पुढच्या सालापासून लच्छीबाईची टोळी आमच्या वावरात आली नाही. दारव्ह्याच्या बाजारात दोघी समोरासमोर आल्या की लच्छीबाई आता आमच्या वऱ्हाडीत म्हणायची, "बरी हायेस का?" मोठीमाय म्हणायची, "हाव." आणि दोघी दोन बाजूंना जायच्या.

त्या दिवसापासून मोठीमायनं दही सोडलं आणि तो शब्दही सोडला. नुसता तिनं नाही, गावानंच सोडला. पुढच्या वर्षी वेचणीत एक बाई कलंडली तर सगळ्या जणी चक्कर, चक्कर म्हणून ओरडत धावल्या, तिला उचलून थेट दवाखान्यात नेलं. ते चांगलंच झालं. पण तिची पात तशीच उभी राहिली, ओळीतल्या ओळीत पांढरी, आणि तिच्याकडे कोणी बघेना. तेव्हापासून पात भरण्याची चालही गेली. सुनीताची ती भरलेली ओटी दिलीपच्या कोठ्यात खुंटीला होती. तो कापूस कोणी काट्यावर टाकला नाही, कोणी सोडून पाहिला नाही. बैलांना चारा घालायला गेलं की ती दिसायची. मग एक दिवस ती खुंटीवर नव्हती. कोणी नेली, मी विचारलं नाही.

माझ्याकडून डबा नेणारे एक डॉक्टर आहेत. त्यांना मी एकदा डबा भरता भरता विचारलं, अशी अशी केस, तासभर आधी आणली असती तर वाचली असती का? ते म्हणाले, सांगता येत नाही. वाचली असती, नसतीही. हे उत्तर घेऊन आत जाण्यात काही अर्थ नव्हता. मोठीमायला "सांगता येत नाही" हे तर माझ्याआधीपासून ठाऊक होतं, तेच तर तिला खात होतं.

तर त्या दिवशी तो माणूस रांगेत पडला, आणि संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा मोठीमाय म्हणाली, "दुपारी तू काही तरी म्हणत होती."

"कवा? काही नाही."

"तोंड उघडलं अन् मिटलं. मले दिसते इथून." तिनं डाळीचं सूप बाजूला ठेवलं. "यंदा सीतादहीले मले वावरात ने."

"डॉक्टरनं उन्हात जाऊ नोको म्हटलं तुले."

"डॉक्टरले काय, थो पंख्याखाली बसते. अन् दिलीपले सांग, लच्छीले निरोप दे म्हणा. म्हणा, बुढीनं बलावलं."

माझा हात कणकेत थांबला. "काहून?"

"इचारतो तिले."

"काय?"

"माह्या सांगण्यानं तिची पोट्टी गेली का, थे." हे ती मीठ संपलं सांगावं तसं म्हणाली.

"असं कोणी इचारते का, मोठेमाय?"

"मंग कवा इचारू? सरणावरून?"

मला राग आला, आणि राग आला की मी कणीक जास्त मळते. त्या दिवशीच्या पोळ्या चिवट झाल्या आणि लोकांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

सीतादहीच्या दिवशी सकाळी आम्ही गावी पोचलो. पराटी यंदा बेताची, छातीइतकी. वावराचा तो वास, बुडाशी ओलसर आणि वर तापलेला, नाकात गेला आणि मला एकदम धुऱ्यावरचं गाडगं दिसलं. दिलीपनं दगडाला शेंदूर लावून ठेवला होता. तांड्यावरच्या पोरी ऑटोतून उतरल्या, मोबाइलवर गाणी लावलेल्या, फुलं-फुलं असलेल्या ओढण्या डोक्याला गुंडाळलेल्या. सगळ्यांच्या मागून एक म्हातारी उतरली. जुन्या बाया घालतात तो आरशांचा पेहराव लच्छीबाईनं सुनीतानंतर उतरवला तो कायमचा, आता अंगावर साधं लुगडं. ती आली आणि धुऱ्यावर मोठीमायपासून हातभर लांब बसली.

"बरी हायेस का?"

"हाव. तू?"

"चालू हाय."

एवढंच. नैवेद्य झाला, दहीभात शिंपडून झाला. मी मोठीमायच्या तोंडाकडे बघत होते. तिचे ओठ हलत, परत मिटत. लच्छीबाई समोर, तुरीच्या ओळींकडे बघत बसली होती. तुरी यंदाही त्याच जागी पेरल्या होत्या. दिलीपचा काही दोष नाही, त्या पट्ट्यात तूरच चांगली येते. शेवटी मोठीमाय उठली आणि म्हणाली, "मी जरा वेचून पाह्यतो." मी नको म्हणेपर्यंत तिनं ओटी बांधली, कडेची एक पात धरली आणि पोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

तिचे हात विसरले नव्हते. वेचणाऱ्या बाईचे हात बोंडाच्या टोकदार कवचाला न लागता कापूस काढतात, तसे ते काढत होते. मी सावलीत भांडी आवरायला वळले. मागे पोरींपैकी कोणीतरी "आजी" म्हणून हाक मारली आणि मी पाहिलं तेव्हा मोठीमाय ओळीत नव्हती.

मी धावले. तिला दोन्ही खांद्यांना धरलं आणि हलवायला लागले. पोरी भोवती गोळा झाल्या, कोणी पाणी म्हणतं, कोणी फोन म्हणतं. माझ्या हातावर एक सुरकुतलेला हात येऊन पडला आणि त्यानं माझे हात बाजूला केले. लच्छीबाई खाली बसली. तिनं आपलं नाक मोठीमायच्या तोंडापाशी नेलं आणि वास घेतला. अंगठ्यानं पापणी वर करून बाहुली पाहिली. ओठांच्या कडा पदरानं पुसून तो पदर उजेडात धरून बघितला. बाह्या चिमटीत धरून हुंगल्या. हे सगळं तिनं भरभर केलं, भाजी निवडावी तसं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ज्या दिवशी करायचं होतं त्या दिवशी केलं नाही म्हणून ती नंतर घरी बसून मनातल्या मनात किती वेळा करत राहिली असेल, ते मला तिच्या बोटांवरून कळलं.

"गाडी आन, दिलीप," ती म्हणाली. "पाह्यत नोको राहू."

दिलीप पळाला. लच्छीबाईनं आपला पदर घागरीत बुडवला आणि मोठीमायच्या कपाळावर घातला. मग पोरींकडे मान वळवून, साध्या आवाजात म्हणाली, "औषधाचं नाही. इरघयली."

पोरींना तो शब्द कळला नाही. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. मला कळला, आणि तो इतक्या वर्षांनी, सगळ्या जगात फक्त याच एका बाईच्या तोंडून यायला नको होता असं मला वाटलं, आणि याच तोंडून यायला हवा होता असंही वाटलं.

"तिची पात कोन भरन?" लच्छीबाईनं विचारलं. कोणी हललं नाही. मग तिनंच मोठीमायच्या कमरेची ओटी सोडली, आपल्या कमरेला बांधली आणि गुडघ्यावर हात टेकत उभी राहिली. गाडी येईपर्यंत ती वेचत होती. मी मोठीमायचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि ती पात पुढे पुढे कमी पांढरी होत जाताना बघत होते. थोड्या वेळानं एक पोरगी तिच्या बाजूला जाऊन वेचायला लागली. मग आणखी एक.

गाडी आली. मोठीमायला मागच्या सीटवर निजवलं. लच्छीबाईनं तिच्या कमरेला ओटी बांधली, गाठ ओढून पाहिली.

"तू चाल ना संग," मी म्हणाले.

"नाही बापा. त्या दवाखान्यात मी जात नाही." आणि ती परत धुऱ्यावर जाऊन बसली.

गाव मागे पडलं तेव्हा मोठीमायनं डोळे उघडले. मी आहे हे पाहिलं, गाडी आहे हे पाहिलं. मग हात पोटावर गेला आणि तिथेच थांबला. तिनं ओटी चाचपली, वरून, खालून, दाबून.

"हे कोनं भरली?"

"लच्छीबाईनं."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. रस्त्याकडेनं वेचलेली, न वेचलेली वावरं जात होती.

"काय म्हणाली थे?"

"इरघयली म्हणाली."

बराच रस्ता गेला. मला वाटलं, झोपली. मग तिनं विचारलं, "पहिले काय म्हणाली?"

ती काय विचारते आहे हे मला लगेच कळलं. लच्छीबाईला जे विचारायला ती आली होती आणि विचारू शकली नाही, तेच ती आता मला विचारत होती. खोटं सांगता आलं असतं, आणि या वयाच्या बाईला खोटं सांगितलं तर कोणतं पाप लागणार होतं. पण तिचे डोळे माझ्यावर होते आणि माझं तोंड तिला फार लांबूनही वाचता येतं.

"पहिले म्हणाली, गाडी आन. मंग म्हणाली, इरघयली."

मोठीमायनं मान हलवली. हळूहळू, दोनतीनदा. "बराबर हाय," ती म्हणाली. "पहिले गाडीच म्हणाले पाह्यजे होतं."

डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. मीही पुसलं नाही. दारव्ह्याची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा तिनं परत माझ्याकडे पाहिलं.

"पण इरघयली म्हटलं ना तिनं?"

"म्हटलं."

"तिच्याच तोंडानं?"

"तिच्याच."

गाडीच्या धक्क्यांनी ओटीची गाठ सैल झाली होती. मोठीमायनं ती दोन्ही हातांनी घट्ट केली. दवाखान्यात सलाइन लावताना नर्स म्हणाली, आजी, हे कमरेचं काढून ठेवा. मोठीमायनं दोन्ही हात ओटीवर ठेवले आणि म्हणाली, "राहू दे बाई. माही पात हाय थे."